वर्गणीवर जगलेला संघ

'संघ' हा शब्द आपल्या समाजाला जवळचा आहे. संघाला शरण जातो, असे आपण विहारात रोज म्हणतो. खेळाच्या मैदानावरचा संघ ही त्याहून फार निराळी आणि फार लहान गोष्ट, हे उघड आहे. तरीही ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या कामगारवस्तीने आपला एक खेळाचा संघ ज्या चिकाटीने राखला, त्याची हकिगत आपल्या घराघरांत वाचली जावी असे आम्हाला वाटते. तिच्यात वर्गणी आहे, कोर्टकचेरी आहे, वर्णद्वेषाचा दंश आहे आणि त्याच्याशी झुंजणारी माणसेही आहेत.

आमच्या वस्तीतील एका जुन्या कार्यकर्त्याची लेक त्या शहराच्या पश्चिम भागात परिचारिका म्हणून नोकरी करते. विंडहॅम, ब्रिम्बँक या त्या बाजूच्या नगरपालिकांच्या हद्दीत भारतातून गेलेल्या कुटुंबांची संख्या आता मोठी आहे व त्यांत मराठी घरेही आहेत. तिथे नव्या माणसाला नाव-गाव विचारून झाले की पुढचा प्रश्न येतो तो म्हणजे, "तुमचा संघ कोणता?" तिच्या मुलांनी शाळेतून हा प्रश्न घरी आणला आणि लाल, पांढऱ्या व निळ्या पट्ट्यांचा मफलर गळ्यात घालून घेतला. निळा रंग आहे म्हणून आजोबाही खूश! मुलांनी निवडलेला हा संघ म्हणजे फुट्सक्रे, ज्याला १९९७ पासून 'वेस्टर्न बुलडॉग्ज' म्हणतात.

मेलबर्नचे क्रिकेट मैदान आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. २६ डिसेंबरला तिथे कसोटी सुरू होते आणि आपण पहाटे उठून टीव्ही लावतो. पण त्या मैदानावर खेळासाठी जमलेली सर्वांत मोठी गर्दी क्रिकेटची नव्हे. १९७० साली 'ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल'च्या अंतिम सामन्याला तिथे १,२१,६९६ माणसे आली होती. या खेळाचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्येच लिहिले गेले. आपल्या माहितीच्या फुटबॉलशी त्याचे फारसे नाते नाही. मैदान क्रिकेटचेच, लंबगोल; चेंडूही लंबगोल. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायची मात्र बंदी. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. अंगावर चिलखत नाही, डोक्याला शिरस्त्राण नाही. उंच उडी मारून दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून चेंडू झेलणारे खेळाडू पाहिले की आपल्या दहीहंडीच्या गोविंदांची आठवण होते.

आता फुट्सक्रेविषयी. हा भाग म्हणजे मेलबर्नचे परळ-लालबाग समजावे. कत्तलखाने, दगडखाणी, दारूगोळ्याचा कारखाना, जवळच बंदराची गोदी. शेजारच्या सनशाइनमध्ये शेतीची यंत्रे करणारा मोठा कारखाना होता. त्याच कारखान्याच्या प्रकरणात १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी निकाल दिला की, अकुशल कामगारालाही बायको व तीन मुलांसह माणसासारखे जगता येईल इतका पगार, म्हणजे दिवसाला सात शिलिंग, मिळालाच पाहिजे. किमान वेतनाच्या इतिहासात तो निकाल आजही सांगितला जातो. अशा वस्तीचा हा संघ १९२५ साली मोठ्या स्पर्धेत दाखल झाला आणि १९५४ साली पहिल्यांदा विजेता ठरला. चार्ली सटन कर्णधारही होते आणि प्रशिक्षकही. मेलबर्न संघाचा ५१ गुणांनी पराभव झाला. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली. १९६१ साली संघ अंतिम सामन्यात पोचला व हरला, आणि मग तेवढेही नशिबी येईना.

हरणाऱ्या संघाच्या मागे माणसे का जातात? आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तिथले बहुतेक जुने संघ सभासदांचे आहेत. माणूस वर्षाची फी भरून सभासद होतो, मुलांची नावे घालतो. बापाचा संघ तोच मुलीचा. या खेळाला बायका सुरुवातीपासून मोठ्या संख्येने जात आल्या आहेत, केवळ नवऱ्याच्या सोबतीला म्हणून नव्हे. दर सामन्याआधी समर्थक मंडळी रात्री बसून कागदाचा प्रचंड फलक चिकटवतात. सामन्याच्या दिवशी तो मैदानात उभा करतात आणि खेळाडू धावत येऊन त्यातून आरपार जातात. कित्येक तासांचे काम क्षणात फाटते! पुढच्या आठवड्यात पुन्हा नवा फलक. आमच्यासारख्या जयंतीच्या आदल्या रात्री जागून पताका चिकटवणाऱ्यांना हे वेड समजायला अवघड नाही.

अशा या संघावर ऑक्टोबर १९८९ मध्ये घाला आला.

त्या सुमारास ही स्पर्धा एका शहरापुरती न राहता देशभर पसरू लागली होती. १९८२ साली साऊथ मेलबर्नचा संघ सिडनीला हलवला गेला होता, १९८७ पासून पर्थ व ब्रिस्बेनचे नवे संघ आले होते. मेलबर्नमध्ये संघ जास्त आणि पैसा कमी, असा हिशेब स्पर्धेच्या चालकांनी मांडला. फुट्सक्रेवर कर्ज होते, हे खरेच होते. तेव्हा फुट्सक्रे आणि शहरातील दुसरा गरीब संघ फिट्झरॉय यांचे विलीनीकरण करून 'फिट्झरॉय बुलडॉग्ज' नावाचा एक संघ करायचा, असे ठरवून जाहीरही करून टाकले. सभासदांना कोणी विचारले नव्हते. ज्यांच्या आजोबांनी फी भरली, त्यांना आपला संघ संपल्याची बातमी मिळाली.

हिशेबाच्या वह्यांत आमचीही हयात चालली आहे. कर्जबाजारी संस्था गुंडाळण्याचा निर्णय कागदावर कसा निर्दोष दिसतो, ते आम्ही जाणतो. पण त्या कागदावर येणे-देणे असते; संस्था कोणाची, हे त्यात लिहिलेले नसते. फुट्सक्रेच्या लोकांनी नेमका तोच प्रश्न कोर्टात नेला. आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी समर्थक बाई दाव्यात पुढे उभी राहिली. पीटर गॉर्डन हा तरुण वकील लढ्याच्या अग्रभागी आला. व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात विलीनीकरणाला आव्हान दिले गेले आणि अखेर मुदत मिळाली ती तीन आठवड्यांची. तेवढ्यात सुमारे पंधरा लाख डॉलर उभे करायचे!

मग जे झाले ते आपल्याला शिकवायची गरज नाही. पावतीपुस्तक घेऊन बुद्धविहारासाठी दारोदार फिरलेला प्रत्येक कार्यकर्ता ते चित्र डोळ्यांसमोर आणू शकेल. वेस्टर्न ओव्हल या संघाच्या मैदानावर हजारोंची सभा झाली. रस्त्यांवर, चौकांत, दुकानांपुढे डबे खुळखुळू लागले. पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसे आली, शाळकरी मुले खाऊचे पैसे घेऊन आली. इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, व्हिएतनाम अशा देशांतून येऊन या वस्तीत राहिलेल्या लोकांचाही तो संघ होता. मुदतीत रक्कम उभी राहिली. विलीनीकरण रद्द झाले. गॉर्डन संघाचे अध्यक्ष झाले आणि १९९० च्या हंगामात फुट्सक्रे आपल्याच नावाने मैदानात उतरला.

फिट्झरॉयचे नशीब मात्र तसे नव्हते. १९९६ साली तो संघ ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. त्याचा अखेरचा सामना १ सप्टेंबर १९९६ रोजी घरापासून हजारो किलोमीटरवर, पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल संघाविरुद्ध झाला. फिट्झरॉयचे नाव आले म्हणून इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण त्या संघाच्या इतिहासात आपल्या वाचकांनी ओळखावा असा एक माणूस आहे.

डग निकोल्स हे योर्टा योर्टा या मूलनिवासी समाजात जन्मलेले. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पळण्यात वारा. १९२७ साली ते कार्लटन या नामांकित संघाकडे गेले. तिथे त्यांच्या वर्णामुळे मालिश करणाऱ्यांनी त्यांच्या अंगाला हात लावायचे नाकारले! शिवाशिव फक्त आपल्याच देशात आहे असे समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. निकोल्स तिथून निघाले, नॉर्थकोटकडून खेळले आणि १९३२ साली फिट्झरॉयमध्ये आले. कपडे बदलण्याच्या खोलीत ते एका कोपऱ्यात एकटेच बसत. तेव्हा त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू हेडन बंटन आपले सामान उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. १९३५ साली निकोल्स यांची व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवड झाली. पुढे ते धर्मोपदेशक झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झटले, १९७२ साली 'सर' झाले आणि १९७६ साली साऊथ ऑस्ट्रेलिया राज्याचे राज्यपाल. स्पर्धेत दरवर्षी मूलनिवासींच्या सन्मानार्थ जे सामने होतात, त्यांना २०१६ पासून त्यांचे नाव आहे.

निकोल्स यांना समाजकार्यात आणणारे वृद्ध पुढारी विल्यम कूपर हे फुट्सक्रेचेच रहिवासी. सत्तरी ओलांडल्यावर, १९३३ साली, ते आपली वसाहत सोडून इथे आले, कारण मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या वसाहतीत राहणाऱ्याला म्हातारपणाची पेन्शन मिळत नसे. भाड्याच्या घरात राहून, त्याच पेन्शनवर त्यांनी 'ऑस्ट्रेलियन ॲबओरिजिनीज लीग' चालवली. संसदेत आमचा प्रतिनिधी हवा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर १,८१४ सह्या गोळा केल्या. तो अर्ज इंग्लंडच्या राजासाठी होता. सरकारने तो पुढे पाठवलाच नाही. २६ जानेवारी १९३८ रोजी गोऱ्यांच्या आगमनाची दीडशे वर्षे थाटात साजरी होत असताना कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीत तो शोकदिन म्हणून पाळला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला हे शिष्टमंडळ फुट्सक्रेहून मेलबर्नमधील जर्मन वकिलातीवर गेले. कशासाठी? तर जर्मनीत ज्यूंवर होत असलेल्या अत्याचारांचा निषेध करण्यासाठी. स्वतःला नागरिकत्वाचे पुरते हक्क नसलेली माणसे दुसऱ्या खंडातील छळ होणाऱ्यांसाठी निवेदन घेऊन गेली. वकिलातीने ते घेतले नाही. आज फुट्सक्रे रेल्वे स्थानकावरील पादचारी पुलाला कूपर यांचे नाव आहे आणि सामन्याला जाणारे कित्येक जण त्यावरून जातात.

आता पुन्हा मैदानाकडे. वाचलेला संघ पुढे लगेच जिंकू लागला, असे कोणी समजू नये. उपान्त्य फेरीत पोचायचे आणि हरायचे, हा जणू रिवाजच झाला. १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९, २०१०. सात वेळा अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावरून परत. १९९७ ला तर फक्त दोन गुणांनी! १९९५ साली संघाचे सर्वांत लाडके खेळाडू टेड व्हिटन कर्करोगाने गेले. मरणाच्या काही आठवडे आधी, दृष्टी गेलेली असताना, ते मोटारीतून मेलबर्नच्या मोठ्या मैदानाला फेरी मारून लोकांचा निरोप घेऊन आले. वेस्टर्न ओव्हलला त्याच वर्षी त्यांचे नाव दिले गेले. १९९७ नंतर स्पर्धेचे पुरुषांचे सामने त्या जुन्या मैदानावर होणेही थांबले.

आणि मग २०१६. संघ गुणतक्त्यात सातवा आला होता. सातव्या स्थानावरून विजेतेपद पूर्वी कोणी मिळवले नव्हते. कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात गुडघा मोडून बाहेर बसलेला. तरी पर्थला जाऊन पहिला बाद सामना जिंकला, मग आधीची तीन वर्षे ओळीने विजेता असलेल्या हॉथॉर्नला हरवले, मग सिडनीत उपान्त्य सामना सहा गुणांनी जिंकला. त्या सामन्यासाठी हजारो समर्थक मेलबर्नहून सिडनीला गेले होते, कित्येक जण मोटारीने रात्रभर प्रवास करून. १ ऑक्टोबरला ९९,९८१ प्रेक्षकांपुढे बुलडॉग्जनी सिडनी संघाला ८९ विरुद्ध ६७ गुणांनी हरवले. बासष्ट वर्षांनी विजेतेपद आले. पीटर गॉर्डन तेव्हा दुसऱ्यांदा संघाचे अध्यक्ष होते. चार्ली सटन मात्र २०१२ सालीच गेले होते.

पदके वाटली जात असताना प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी स्वतःच्या गळ्यातील पदक काढले, मर्फीला मंचावर बोलावले आणि त्याच्या गळ्यात घातले. दुसऱ्या दिवशी व्हिटन ओव्हलवर पुन्हा गर्दी उसळली, सत्तावीस वर्षांपूर्वी डबे घेऊन जमली होती त्याच जागी. १९८९ साली बापाच्या खांद्यावर बसून आलेली मुले आता आपली मुले खांद्यावर घेऊन आली असणार.

मैदानाबाहेर हा संघ काय करतो, हेही पाहिले पाहिजे. पश्चिम भागातील पुरुषांसाठी २०१४ पासून 'सन्स ऑफ द वेस्ट' नावाचा मोफत आरोग्यवर्ग चालवला जातो. रक्तदाब, आहार, व्यायाम, मनावरचा ताण यांविषयी दवाखान्यात न जाणारा कामगार संघाच्या नावावर मात्र येऊन बसतो. पुढे स्त्रियांसाठीही असा वर्ग निघाला. २०१३ साली मेलबर्न व बुलडॉग्ज या दोन संघांत बायकांचा पहिला प्रदर्शनीय सामना झाला. २०१७ पासून स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली आणि २०१८ साली बुलडॉग्जच्या मुली विजेत्या ठरल्या. आमच्या वस्तीतल्या ज्या पालकांना मुलीने कबड्डीला जाणे नको वाटते, त्यांच्या कानावर हे घालावे.

पण सगळेच गोड सांगितले तर ते खरे होणार नाही. ऑस्ट्रेलियातील अनेक संघ वर्षानुवर्षे जुगाराच्या यंत्रांच्या उत्पन्नावर पोसले गेले आणि बुलडॉग्जही त्याला अपवाद नव्हता. ब्रिम्बँकसारख्या याच कामगारभागात या यंत्रांवर सर्वाधिक पैसा हरला जातो. ज्या वस्तीने डब्यात नाणी टाकून संघ वाचवला, त्याच वस्तीच्या खिशातून जुगाराचे नाणे काढून तो चालवावा, हे आम्हाला मुळीच पटत नाही. संपत्ती नासण्याचे जे सहा मार्ग भगवान बुद्धांनी सिगाल या तरुण गृहस्थाला सांगितले, त्यांत जुगार आहे.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. १७ एप्रिल १९९३ रोजी सेंट किल्डा संघाचा मूलनिवासी खेळाडू निकी विनमार याला कॉलिंगवूडच्या मैदानावर प्रेक्षक दिवसभर वर्णावरून शिव्या घालत होते. सामना जिंकल्यावर त्याने प्रेक्षकांकडे तोंड करून सदरा वर उचलला आणि आपल्या काळ्या पोटाकडे बोट दाखवले. ते छायाचित्र देशभर छापले गेले. १९९५ साली मायकेल लाँग या खेळाडूने तक्रार लावून धरली आणि मैदानात वर्णावरून अपशब्द वापरणाऱ्या खेळाडूविरुद्ध नियम झाला. नियम खेळाडूंना लागू झाला. गर्दीला आवर घालणे त्याहून कठीण. ॲडम गूड्स हा सिडनीचा मोठा खेळाडू, २०१४ साली देशाचा 'वर्षातील ऑस्ट्रेलियन' म्हणून गौरवलेला. त्याने वर्णद्वेषाविरुद्ध तोंड उघडले म्हणून पुढे मैदानामागून मैदानात त्याची हुर्यो उडवली गेली आणि २०१५ साली तो निवृत्त झाला. स्पर्धेच्या चालकांनी व सर्व अठरा संघांनी त्याची माफी मागितली ती २०१९ साली.

आरडाओरडा करणाऱ्यांतले बरेच जण स्वतः कामगारच असणार. फी भरणारे, फलक चिकटवणारे, हरल्यावर रडणारे. आपल्या संघावर जीव टाकणारा माणूस समोरच्या संघातील काळ्या पोरावर थुंकायला मागे-पुढे पाहत नाही, हे तिथेही घडते आणि इथेही गावच्या जत्रेतील कुस्त्यांपासून आपण ते पाहत आलो आहोत. संघाच्या मागे जाणे म्हणजे काय, याची परीक्षा आमच्या मते त्या बाकड्यावरच होते. शेजारचा शिवी देतो तेव्हा आपण हसतो, गप्प बसतो की उठून उभे राहतो?

मार्च २०२३ मध्ये बुलडॉग्जचा वीस वर्षांचा मूलनिवासी खेळाडू जमारा उगल-हेगन याला सेंट किल्डाच्या बाजूच्या प्रेक्षकांतून वर्णावरून शिवी आली. सेंट किल्डा म्हणजे विनमारचाच संघ! तीस वर्षांत एवढेच अंतर कापले गेले. पुढच्या सामन्यात तो खेळेल की नाही याचीच शंका होती. ३० मार्चला ब्रिस्बेनविरुद्ध तो उतरला. पहिला गोल मारल्यावर त्याने सदरा वर उचलला आणि विनमारप्रमाणेच आपल्या कातडीकडे बोट दाखवले. बाजूचे सहकारी धावत येऊन त्याला बिलगले. त्या रात्री त्याने पाच गोल मारले आणि बुलडॉग्ज जिंकले.